मेणाच्या चुडीतला आवाज

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उन्हाळी सुट्ट्या लागायला आठवडा उरला होता. हिवरखेडच्या आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीतला एक मुलगा रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. माझ्या टेबलावर ते ठेवत म्हणाला, "सर, देखो ना, ये काहे का पाइप है?" रुमालात तपकिरी रंगाची पोकळ नळी होती. लांबी अर्ध्या वितीएवढी, जाडी चहाच्या ग्लासाएवढी. बाहेरच्या अंगावर केसाहून बारीक रेषा आणि त्यांवर पांढरट बुरशीचे ठिपके. मुलाच्या दादीने तिला "बाजे की चुडी" म्हटले होते.

त्यांचे जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे घर बांधायचे होते. माळ्यावरचे सामान खाली काढताना एक लाकडी पेटी, एक मोठा कर्णा आणि पुठ्ठ्याच्या डब्यांतल्या सहा नळ्या सापडल्या. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी येऊनही गेला होता. त्याचे म्हणणे असे की, "यात ओरिजिनल काही नाही. हँडल लोहाराने केलेले, पट्टा नवारीचा, कर्णा भलत्याच मशीनचा. पेटी भंगाराच्या भावाने नेतो. नळ्यांना बुरशी लागली आहे, त्या फेकून द्या." मी इतिहास शिकवतो, म्हणून घरच्यांनी मला बोलावले. मुलाचे चाचा म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, खरे काय आहे?"

खरे काय आहे हे त्या दिवशी मलाही कळत नव्हते. "आठ दिवस थांबा," एवढेच मी म्हणालो. त्या आठ दिवसांची दोन वर्षे झाली. या काळात जे वाचले, जे पाहिले आणि त्या पेटीसमोर बसून जे ताडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. अशा पेट्या आणि अशा नळ्या आपल्या आणखी काही घरांच्या माळ्यांवर असतील आणि त्यांच्याबाबतही असाच निवाडा घाईने होत असेल, अशी मला भीती वाटते.

चुडी आणि तवा

आवाज पकडून ठेवणारे पहिले यंत्र अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७७ साली तयार केले. १९ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्या यंत्रात पितळी दंडगोलावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. तोंडाने बोलले की पडदा हाले, पडद्याची सुई पत्र्यावर खळगे पाडी आणि तीच सुई पुन्हा त्या खळग्यांवरून फिरवली की पडदा बोलू लागे. पत्रा मात्र चार-दोन वेळांत फाटून जाई. पुढे चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेन्टर यांनी पत्र्याऐवजी मेण वापरले. त्यांच्या ग्राफोफोनला १८८६ साली पेटंट मिळाले. एडिसननेही १८८८ साली मेणाच्या नळीवर चालणारा सुधारित फोनोग्राफ काढला. सुरुवातीची यंत्रे बॅटरीवर चालत, त्यामुळे ती प्रयोगशाळेत आणि जत्रेच्या तंबूत राहिली. १८९५-९६ च्या सुमारास घड्याळासारखी चावीची कमान आली आणि मग फोनोग्राफ घराघरांत शिरू शकला.

एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. फोनोग्राफ आणि ग्रामोफोन ही दोन नावे आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण ओळखीची पहिली पायरी इथेच आहे. फोनोग्राफच्या नळीत सुई वर-खाली हलते, म्हणजे आवाज चरीच्या खोलीत असतो. बर्लिनरच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणजे आवाज चरीच्या वळणात असतो. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या लोकांनी हा फरक आपल्या परीने ओळखला होता. नळीला ते चुडी म्हणत आणि तबकडीला तवा. त्या दादींच्या तोंडचा 'चुडी' हा शब्द माझ्या दृष्टीने पहिला पुरावा ठरला.

हिंदुस्थानात चुडीचा काळ थोडा होता. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या हिवाळ्यात कलकत्त्यास आले. त्यांनी त्या नोव्हेंबरात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि जहाजाने परत येत. १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदहला कंपनीचा स्वतःचा कारखाना निघाला आणि तबकडी स्वस्त झाली. त्याच कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस हे व्यापारी मेणाच्या नळ्यांवर देशी गाणी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांचा आवाज भरत होते. त्यांच्या नळ्यांपैकी आज फारच थोड्या उरल्या आहेत. तबकडी ठशाने हजारोंनी छापता येई, एकावर एक रचता येई. मेणाला आपली हवा मानवत नसे. उन्हाळ्यात ते नरम पडे आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येई. त्यामुळे तवा जिंकला आणि चुडी माळ्यावर गेली.

तरी चुडीकडे एक गोष्ट होती, जी तव्याकडे नव्हती. चुडीच्या यंत्रावर घरातल्या माणसाला स्वतःचा आवाज भरता येई. भरलेला आवाज नको असेल तर नळी छिलून पुन्हा कोरी करता येई. तबकडीच्या ग्रामोफोनवर फक्त ऐकता येई. ही एक बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, शेवटी तिची गरज पडणार आहे.

आपल्या इतिहासालाही या चुडीने स्पर्श केला आहे. १९०६ ते १९०९ या काळात जेद्दा येथील डच वकिलातीतल्या लोकांनी क्रिस्टियान स्नूक हुर्खोन्ये या अभ्यासकासाठी मेणाच्या नळ्यांवर हिजाजमधले आवाज भरून घेतले. त्या नळ्या हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात जपलेल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या प्रदेशातली माणसे कोणत्या सुरात बोलत-गात होती, हे आज कळते ते या नळ्यांमुळे. इकडे हिंदुस्थानात या यंत्रातून निघणाऱ्या आवाजाचा शरई हुकूम काय, असा प्रश्न उलेमांना विचारला जाऊ लागला. बरेलीचे मौलाना अहमद रजा खान यांनी १३२८ हिजरीत फोनोग्राफवर स्वतंत्र रिसाला लिहिला. म्हणजे हे यंत्र आपल्या बुजुर्गांच्या कानावर आले होते आणि त्यांनी त्याचा गंभीरपणे विचार केला होता.

वऱ्हाडात असे यंत्र कोणत्या वाटेने आले असेल, हे समजणे कठीण नाही. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली सुरू झाली आणि अकोला, बडनेरा ही तिच्यावरची स्टेशने झाली. कापसाच्या गाठी मुंबईला जात आणि परतीच्या गाड्यांनी विलायती माल येई. अकोल्याहून पुढे अकोट-हिवरखेडपर्यंत दमणीचा प्रवास. ज्याच्या हाती कापसाचा पैसा आला, त्याच्या बैठकीत घड्याळ आले, आरसा आला आणि एखाद्याकडे बाजाही आला.

आधी नाव, मग अवयव

बी.एड.ला इतिहासाची अध्यापनपद्धती शिकताना साधनांचे बाह्य परीक्षण आणि आंतरिक परीक्षण असे दोन शब्द पाठ केले होते. कागद कोणत्या काळचा, शाई कोणती, हस्ताक्षर कोणाचे, हे बाह्य परीक्षण. मजकूर काय सांगतो आणि तो कितपत विश्वासाचा, हे आंतरिक परीक्षण. परीक्षेपुरते पाठ केलेले ते शब्द या पेटीसमोर बसल्यावर मला पहिल्यांदा नीट समजले.

नळीच्या यंत्राची ओळख करताना आधी ते कोणत्या घराण्याचे आहे हे पाहावे. एडिसनच्या यंत्रात आवाज काढणारी चपटी डबी, जिला साउंड बॉक्स किंवा रिप्रोड्यूसर म्हणतात, ती एका हातात घट्ट बसवलेली असते. बारीक आटे असलेला लांब दांडा फिरतो आणि तो हात नळीवरून हळूहळू सरकवतो. कोलंबिया कंपनीच्या ग्राफोफोनमध्ये आट्यांचा दांडा बहुधा नळकांड्याच्या आत झाकलेला असतो. कोलंबियाचे 'ईगल' हे स्वस्त यंत्र १८९७ साली दहा डॉलरला मिळे. अमेरिकेच्या दहा डॉलरच्या सोन्याच्या नाण्याला ईगल म्हणत, त्यावरून त्याचे नाव पडले. फ्रान्सच्या पाते कंपनीची खूण कोंबड्याची. तिच्या नळ्या एकाहून अधिक मापांच्या असत. जर्मनीतून लायर या वाद्याच्या आकाराच्या बैठकीची, अगदी साधी यंत्रेही निघत. त्यांना पेटीच नसे, लोखंडी बैठकीवर सारे उघडे.

एडिसनच्या घराण्यातही भावंडे पुष्कळ. १८९६ चा 'होम', १८९८ चा 'स्टँडर्ड', १८९९ चा छोटा 'जेम', १९०० च्या सुमाराचा मोठा 'ट्रायम्फ', १९०९ चा 'फायरसाइड'. त्याच वर्षापासून कर्णा पेटीच्या आत लपवलेले 'अँबेरोला' निघू लागले. प्रत्येकाचे पुढे ए, बी, सी, डी असे नमुने निघाले. ओळख पटवणारी मुख्य वस्तू म्हणजे धातूची पट्टी. तिच्यावर यंत्राचा क्रमांक आणि पेटंटच्या तारखा असतात. पट्टीवरची शेवटची तारीख ही यंत्राच्या जन्माची तारीख नव्हे. यंत्र त्या तारखेच्या आधीचे नाही, एवढेच ती सांगते. अनेकांची इथे गल्लत होते. पट्टीवर १८७८ दिसले की लोक यंत्रच १८७८ चे समजतात.

दुसरी गल्लत क्रमांकाबाबत होते. साउंड बॉक्सवरही क्रमांक असतो आणि तो पेटीच्या क्रमांकाशी जुळत नाही. त्यामुळे तो दुसऱ्याच यंत्राचा आहे, असे काही जण ठरवून टाकतात. कारखान्यात दोघांचे क्रमांक वेगवेगळे पडत. ते जुळावेत अशी अपेक्षाच चुकीची आहे. साउंड बॉक्सवर क्रमांकापेक्षा त्याचे अक्षर महत्त्वाचे. 'सी' असेल तर तो दोन मिनिटांच्या नळीसाठी, 'एच' असेल तर चार मिनिटांच्या नळीसाठी आणि 'के' असेल तर दोन्हींसाठी फिरवता येणारा.

मग अवयवांकडे यावे. 'स्टँडर्ड'ची पहिली पेटी सपाट झाकणाची होती. १९०१ च्या सुमारास गोलसर झाकण आले आणि पुढच्या अंगावर फितीच्या आकारात नाव छापले जाऊ लागले. आतले लोखंडी आसन काळे आणि त्यावर सोनेरी रेषा. जुन्या नमुन्यांत नळी ज्या निमुळत्या दंडगोलावर चढवतात, त्याच्या टोकाला दारासारखा उघडणारा एक आधार असे. पुढच्या नमुन्यांत तो काढून टाकला गेला. जुन्या नमुन्यांत नळी छिलण्याचे बारीक पातेही बसवलेले असे. घरी आवाज भरण्याचा प्रघात कमी झाला तसे तेही गेले. म्हणून पाते दिसले तर यंत्र त्या जुन्या काळचे समजावे. पाते काढलेले असेल तर त्याच्या स्क्रूची भोके दिसतात. भोके खोटे बोलत नाहीत.

चार हातांचे बदल

आता त्या व्यापाऱ्याच्या शब्दाकडे वळतो. "यात ओरिजिनल काही नाही." हँडल, पट्टा आणि कर्णा यांबद्दल तो खरे बोलला होता. पण त्यावरून पेटी भंगार ठरवणे खरे नव्हते. जुन्या यंत्रात जे बदल दिसतात, ते माझ्या समजुतीप्रमाणे चार हातांनी झालेले असतात आणि चारही हात सारखे नसतात.

पहिला हात बनवणाऱ्याचा. एकाच नावाचे यंत्र कारखान्यात दरवर्षी थोडे थोडे बदलत गेले. झाकणाचा आकार, पट्टी, रंग, स्क्रू, सारेच. 'जेम' सुरुवातीला काळा आणि किल्लीने चावी देण्याचा होता. पुढे हँडल आले आणि शेवटच्या काळात मरून रंगाचा नमुनाही निघाला. दोन 'जेम' एकमेकांसारखे दिसले नाहीत म्हणून त्यांतला एक खोटा ठरत नाही.

दुसरा हात मालकाचा. १९०८ साली एडिसनने चार मिनिटांची नळी बाजारात आणली. दोन मिनिटांच्या नळीवर एका इंचात शंभर चरी असत, नवीन नळीवर दोनशे. जुन्या यंत्रावर ती वाजणार कशी? त्यासाठी कंपनीनेच जोडगिअर आणि वेगळा साउंड बॉक्स विकायला काढला. जुन्या गिऱ्हाइकाने तो घेऊन आपले यंत्र सुधारावे, अशी ती सोय होती. छोट्या पितळी तोंडाच्या कर्ण्याच्या जागी धोतऱ्याच्या फुलासारखा मोठा कर्णाही याच काळात लोकांनी बसवून घेतला. असा बदल कारखान्याबाहेर झाला, तरी तो त्या यंत्राच्या आयुष्याचाच भाग आहे.

तिसरा हात मिस्त्रीचा. कमान तुटली की मिस्त्री तुटके टोक तापवून नरम करी, नवे भोक पाडी आणि कमान पुन्हा डब्यात बसवी. कमान थोडी आखूड होई, पण यंत्र चाले. चामड्याचा पट्टा गेला की जे हाताशी असेल ते. हँडल हरवले की लोहार. सुटा भाग विलायतेहून मागवायचा म्हणजे महिने लागत आणि तो येईलच याची खात्री नसे. मिस्त्रीने आपली दुरुस्ती लपवली नाही. नवारीचा पट्टा नवारीचाच दिसतो.

चौथा हात फसवणाऱ्याचा. मोठ्या शहरांच्या बाजारात 'अँटिक ग्रामोफोन' म्हणून चकचकीत पितळी कर्ण्याची यंत्रे सर्रास दिसतात. कर्णा पातळ नव्या पत्र्याचा, पेटी नव्या लाकडाची आणि तिला चहाच्या पाण्याने जुनेपण आणलेले. आत एखाद्या पोर्टेबल ग्रामोफोनची मोटर असते आणि समोर कुत्र्याचे चित्र डकवलेले. नळीच्या यंत्रांबाबतही हे घडते. पेटीवर लावायची नावाची नक्षी आज नवी छापलेली मिळते, साउंड बॉक्सच्या नकलाही मिळतात. दुरुस्तीसाठी त्या वापरणे वावगे नाही. पण त्या सांगून वापराव्यात. नवे लावून जुने म्हणणे, ही मात्र बेइमानी.

हदीसच्या अभ्यासात रावींची साखळी तपासतात, हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी कोणाकडून ऐकले, मध्ये कोण होते, तो विश्वासू होता का, हे पाहिल्याशिवाय रिवायत घेत नाहीत. वस्तूच्या बाबतीतही असेच काही करावे लागते. हा भाग कोणी बसवला, कधी आणि कशासाठी? पहिल्या तीन हातांची उत्तरे सापडतात, कारण त्यांनी आपल्या खुणा मिटवलेल्या नसतात. चौथ्या हाताची खूण अशी की तो उत्तरच देऊ इच्छित नाही.

त्या कुत्र्याच्या चित्राचीही एक गोष्ट आहे. मालकाचा आवाज कान टवकारून ऐकणारा निपर हा कुत्रा चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड यांनी रंगवला, तेव्हा त्याच्या पुढ्यात तबकडीचा ग्रामोफोन नव्हता, नळीचा फोनोग्राफ होता. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना यंत्र बदलून मागितले आणि बॅरॉड यांनी फोनोग्राफवर रंग चढवून ग्रामोफोन काढला. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की खालचा फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात. जगभर गाजलेल्या त्या तबकडीच्या खुणेखाली अशी एक चुडी झाकलेली आहे.

पेटीचा निवाडा

आता हिवरखेडच्या त्या पेटीकडे येतो. झाकण गोलसर. फितीतले नाव पुसट झालेले, पण तिरप्या उन्हात धरल्यावर 'एडिसन स्टँडर्ड' वाचता आले. दंडगोलाच्या टोकाचा दारासारखा आधार जागेवर. छिलण्याचे पातेही जागेवर, गंजलेले. म्हणजे पेटी १९०१ नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली. दंडगोलाच्या बाजूला जोडगिअर बसवलेला, म्हणजे १९०८ नंतर कोणीतरी पैसे खर्चून ती सुधारून घेतली. पत्र्याच्या एका डबीत दोन साउंड बॉक्स, एक 'सी' आणि एक 'एच'. कर्णा धोतऱ्याच्या फुलासारखा. त्याला तोलून धरायला कंपनीचा दांडा नव्हता, म्हणून लोहाराने वाकवलेली सळई पेटीला ठोकलेली. हँडलही लोहाराचे, मूठ बाभळीच्या लाकडाची. नवारीचा पट्टा हाताने शिवलेला, टाके अगदी सारखे. तो घरातल्या कोणा बाईने शिवला असावा, असे दादींना वाटते.

म्हणजे त्या पेटीत पहिल्या तीन हातांचे काम होते, चौथ्याचे नव्हते. तो हात तर आत्ता तिच्याकडे येत होता. पेटी भंगाराच्या भावाने न्यायची, बाभळीची मूठ काढून टाकायची, पितळी कर्णा बसवायचा आणि शहरात 'शंभर टक्के ओरिजिनल' म्हणून विकायची. तसे झाले असते तर त्या पेटीचे वऱ्हाडातले सारे आयुष्य पुसले गेले असते आणि विकत घेणाऱ्याला वाटले असते की ती अमेरिकेहून थेट त्याच्याच दिवाणखान्यात आली.

मेणाचा रंग

पण मला खरी काळजी नळ्यांची वाटत होती. नळीचा रंग पाहून तिचा काळ कळतो. तपकिरी मेणाच्या नळ्या १९०२ पर्यंतच्या. त्या वर्षी एडिसनने साच्यात ओतलेल्या कठीण काळ्या नळ्या आणल्या, त्यांना 'गोल्ड मोल्डेड' म्हणत. त्या मिनिटाला १६० फेऱ्यांनी फिरतात. १९०८ च्या चार मिनिटांच्या नळ्याही काळ्याच. १९१२ साली निळ्या सेल्युलॉइडच्या नळ्या आल्या, आत प्लॅस्टरचा गाभा. १९२९ साली एडिसनच्या कंपनीने हा सारा धंदा बंद केला. निळी नळी सहसा बुरशीने खराब होत नाही, पण ओलाव्याने तिचे प्लॅस्टर फुगते आणि ती दंडगोलावर चढत नाही. जोराने चढवली तर फुटते.

कंपनीने साच्यात काढलेल्या नळीच्या कडेवर बहुधा गाण्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. त्या आधीच्या तपकिरी नळ्यांवर असे काही कोरलेले नसे, म्हणून गाण्याआधी गायकाचे नाव बोलून दिले जाई. घरी आवाज भरायच्या कोऱ्या नळ्याही तपकिरी मेणाच्याच असत आणि त्या १९०२ नंतरही मिळत.

त्या घरातल्या सहा नळ्यांपैकी तीन काळ्या, कडेवर इंग्रजी अक्षरे. तीन तपकिरी, कडेवर काहीच नाही. एका तपकिरी नळीच्या पुठ्ठ्याच्या झाकणावर शाईने उर्दूत काही लिहिलेले. माळ्यावर गळती झाली असावी, शाई पसरलेली. 'आवाज' एवढा शब्द वाचता येतो. पुढे कोणाचे तरी नाव आहे, ते वाचता येत नाही.

छिलण्याचे पाते जागेवर का होते, हे मला त्या क्षणी कळले. या घरात कोणीतरी आवाज भरत होते.

दादींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "हमारे दादा-सुसरे की होंगी. उनको शौक था, सुनते आए." ते खरे असेल किंवा नसेलही. इतिहासाच्या शिक्षकाने इथे 'असावे' याच्या पुढे जाऊ नये आणि मीही गेलो नाही.

घरच्या मुलांना ती नळी लगेच वाजवून पाहायची होती. मी हात जोडून थांबवले. शंभर वर्षांच्या तपकिरी मेणावर जुना जड साउंड बॉक्स ठेवला तर सुई आवाजासकट मेण खरवडून काढते. 'एच'ची बारीक सुई दोन मिनिटांच्या नळीवर लावली तर पहिल्याच फेरीत नुकसान. बुरशी कापडाने पुसली तर चरी जातात, रॉकेल किंवा स्पिरिट लावले तर मेणच जाते. नळी बाहेरून मुठीत धरू नये. आत दोन बोटे घालून ती किंचित फाकवावीत आणि तशी उचलावी, कारण हाताच्या उबेनेही जुने मेण तडकते. ती आडवी ठेवू नये, उभी ठेवावी, कोरड्या आणि थंड जागी. मेच्या महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तर मुळीच नाही.

आता सुई न लावता आवाज काढण्याची विद्याही निघाली आहे. अमेरिकेतल्या बर्कली येथील प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव या शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चरींची अतिशय बारीक छायाचित्रे घेऊन त्यांवरून संगणकाने आवाज उभा करण्याची पद्धत तयार केली. तडकलेल्या नळ्यांतूनही असा आवाज मिळाला आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाने दहा हजारांहून अधिक नळ्यांचे आवाज जपून लोकांना ऐकायला खुले केले आहेत. आपल्याकडे मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली आणि जुन्या रेकॉर्डिंगची माहिती गोळा करून छापण्याचे मोठे काम तिने केले. म्हणजे रस्ता आहे. लांबचा आहे, खर्चाचा आहे, पण आहे. नळी फेकून दिली तर तो रस्ता कायमचा बंद होतो.

अमानत

त्या घराने पेटी विकली नाही. व्यापारी पुन्हा येऊन गेला आणि या वेळी त्याने भाव बराच वाढवला. त्यावरून घरच्यांना कळायचे ते कळले. नव्या घरात पेटीला कपाटात जागा मिळाली आहे. नळ्या मऊ सुती कापडात, पुठ्ठ्याच्या डब्यांत उभ्या ठेवल्या आहेत. शाई पसरलेले ते झाकण वेगळ्या पाकिटात आहे. तपकिरी नळ्यांत काय आहे, हे अजून कोणी ऐकलेले नाही. कदाचित एखादी नात असेल, कदाचित कोणाचे तरी खोकणे आणि हसणे. कदाचित बुरशीने सारे खाऊनही टाकले असेल. पण ते ऐकण्याचा हक्क त्या घराच्या पुढच्या पिढीकडे शाबूत आहे.

सातवीच्या त्या मुलाला मी एक काम दिले होते. एका वहीत पेटीच्या प्रत्येक भागासमोर तीन रकाने आखायचे. भाग कोणता, तो कंपनीचा की नंतरचा, आणि हे आपण कशावरून म्हणतो. तिसऱ्या रकान्यात 'दादी म्हणाली', 'पट्टीवर लिहिले आहे', 'भोके दिसतात', 'माहीत नाही' असे लिहायचे. त्याने वही पूर्ण केली. बाभळीच्या मुठीसमोर त्याने लिहिले आहे, 'नंतरची. लोहाराची. पण हिच्यानेच बाजा वाजत होता.' मी त्याला दहापैकी दहा गुण दिले.

वाचकांना माझी विनंती एवढीच. आपल्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल, मग ती बाजा असो, घड्याळ असो, दादाजानचा चष्मा असो की नानीचे पानदान, तिला हात लावण्याआधी तिची अशी एक वही करा. काय मूळचे, काय नंतरचे, हे लिहा आणि नंतरचे काढून फेकू नका. दुरुस्ती करावी लागली तर तीही तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे तुमचा हातही पुढच्यांना ओळखता येईल. ज्यांना त्या वस्तूविषयी काही आठवते, ती माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आमच्या त्या दादी आता थकल्या आहेत. 'चुडी' हा शब्द त्यांनी सांगितला नसता, तर ती नळी बहुधा त्याच आठवड्यात उकिरड्यावर गेली असती.